वसंतातलं स्कीइंग आणि कॅम्पिंग (मॅमथ-बिशप): खेळायला वर, झोपायला खाली

रानजाई

मार्च उलटला की कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या बहुतेक मराठी घरांत स्की गराजमध्ये जातात आणि तंबू बाहेर निघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरीपर्यंत दोन्ही सामानं एकाच गाडीत भरा आणि सिएरा नेवाडा डोंगररांगेची पूर्व बाजू गाठा. मुलं लहान असतील, भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर वर्षातला याहून चांगला काळ नाही. जानेवारीत आपण मुलांना बर्फात नेतो. बोचऱ्या वाऱ्यात बोटं गारठतात, लिफ्टच्या रांगेत ताटकळावं लागतं आणि मूल तिसऱ्या फेरीला रडायला लागतं. मग घरात ठरून जातं की याला स्कीइंग आवडत नाही. मला विचाराल तर त्याला फक्त ती थंडी आवडलेली नसते.

मॅमथ माउंटन हा तिथला स्कीइंगचा डोंगर. त्याचं मुख्य ठाणं, मेन लॉज, साधारण ९,००० फुटांवर आहे आणि शिखर ११,०५३ फुटांवर. तिथून सुमारे ४० मैलांवर बिशप गाव, ते मात्र ४,१५० फुटांवर. वर उतार गोठलेले असतात तेव्हा खाली लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडत असतात. मॅमथचा बर्फ एवढा टिकतो कारण सिएराच्या मुख्य रांगेला तिथे खिंडार पडलंय. पॅसिफिकवरून येणारी वादळं त्यातून आत घुसतात आणि या डोंगरावर रिकामी होतात. शिवाय मुख्य उतारांचं तोंड उत्तरेला आहे. २०२२-२३च्या हिवाळ्यात मेन लॉजला ७१५ इंच बर्फ पडला आणि लिफ्ट ऑगस्टपर्यंत चालल्या. एरवीही मेअखेरच्या मेमोरियल डेपर्यंत बहुधा हंगाम चालतो. कॅन्यन आणि ईगल या खालच्या बाजू आधी बंद होतात, मेन लॉज शेवटपर्यंत उघडं असतं.

वसंतातला सगळा दिवस उन्हाच्या हिशेबाने चालतो, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. दिवसा वरचा थर वितळतो, रात्री गोठतो. असं बरेच दिवस चाललं की बर्फाचे कण एकमेकांत मिसळून साबुदाण्यासारखे गोल दाणे तयार होतात. स्कीवाले त्याला कॉर्न म्हणतात. रात्री हे दाणे एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे भल्या सकाळी उतार टणक असतो आणि स्कीच्या कडा नुसत्या खरखरतात. ऊन लागलं की वरचे एक-दोन इंच सुटे होतात, खालचा पाया मात्र पक्का राहतो. या वेळेला नवशिक्याचीही स्की सहज वळते. पडलं तरी लागत नाही. पण एका उतारावर ही मजा जेमतेम दीड-दोन तास टिकते. पूर्वेचे उतार आधी तयार होतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे, उत्तरेचे सर्वांत शेवटी. म्हणून सूर्याच्या मागे मागे सरकत राहायचं. त्यानंतर पाणी सुटतं, स्की मध्येच अडकते, आणि गुडघे मुरगळतात ते याच वेळी.

मुलांना आम्ही काठीची परीक्षा शिकवलीये. काठीचं टोक बर्फावर टेकवायचं. टक्‌ करून उडालं तर थांबायचं, लॉजमध्ये बसून कोको प्यायचा. दोन इंच आत गेलं तर निघायचं. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की आजचा खेळ संपला, कितीही हट्ट केला तरी. धाकटी आता स्वतःच काठी टेकवून निकाल सांगते आणि तिचा निकाल घरात सगळे पाळतात.

आदल्या रात्रीचं आकाशही बघायचं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. रात्रभर ढग राहिले तर तो नीट गोठत नाही आणि सकाळपासूनच लगदा मिळतो. तसा दिवस निघाला की आम्ही वर जातच नाही, खालीच भटकतो.

आता झोपायचं. बिशपच्या वायव्येला राउंड व्हॅलीत हॉर्टन क्रीक नावाचं सरकारी कॅम्पग्राउंड आहे, साधारण ५,००० फुटांवर. साधी जागा, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं, कोरडे संडास, शेजारून झुळझुळणारा ओढा, आणि डोक्यावर १३,६५२ फुटांचा माउंट टॉम. पहाटे त्याच्या माथ्यावर तांबूस ऊन येतं तेव्हा खाली अजून सावली असते. त्या सावलीत पोह्यांना फोडणी पडते. तासाभरात गाडी शेरविन ग्रेडचा घाट चढून वर. उशिराच्या हंगामात लिफ्ट दुपारीच बंद होतात, वेळा आदल्या रात्री तपासा. एक-दीडला खाली निघायचं. उतरताना गाडीचा हीटर पायांकडे सोडून बुटांचे आतले अस्तर तिथे उभे करायचे. बिशप येईपर्यंत बरेच वाळतात, आणि मुलं मागे गाढ झोपलेली असतात. संध्याकाळी अनवाणी ओढ्यात.

सामानाबद्दल थोडं. जाड जाकीट घरी ठेवा. वारा-पाणी अडवणारा पातळ थर आणि आत एक लोकरी बनियन पुरतं. हातमोजे मात्र प्रत्येकाचे दोन जोड, कारण पहिला जोड अकरापर्यंत ओला होतो. बुटात एकच पातळ मोजा घाला. दोन घातले की रक्त दबतं, पाय उलट जास्त गारठतात आणि फोडही येतात. स्कीला गरम हवामानाचं मेण लावून घ्या, दुकानात सांगितलं की लावून देतात.

आणि ऊन! दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातला ८० टक्क्यांपर्यंत भाग परत वर फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली, कानांमागे, नाकपुड्यांच्या कडेला क्रीम लावा. आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही असं समजू नका. गॉगलशिवाय कुणालाही वर पाठवू नका, चालत फिरणाऱ्या आजीलाही नाही. बर्फाने डोळे आले की रात्रभर वाळू गेल्यागत खुपत राहतात.

तंबूचं शत्रुत्व वाऱ्याशी. बिशप ज्यात आहे त्या ओवेन्स खोऱ्यात दुपारनंतर डोंगरावरून झोत येतात. खुंट्यांवर दगड ठेवा, सगळ्या दोऱ्या ताणा, आणि दिवसभर वर जाणार असाल तर तंबू पाडून ठेवलेला बरा.

कुणी जाणार असेल तर विचारा, माहीत आहे तेवढं सांगते.

खडीसाखर

रानजाई, अगदी वेळेवर धागा काढलास! सासू-सासरे पुढच्या आठवड्यात येतायत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मामंजींना बीपी आहे. आम्ही वर खेळणार आणि ते दोघं दिवसभर गाडीत बसणार, असं व्हायला नको. कोरड्या संडासाचं कसं करायचं तेही सांग ना, सासूबाई तोंडाने बोलायच्या नाहीत पण त्यांचे हाल होतील.

वाळवंटी

वाचनखूण साठवली. आम्ही एल.ए.हून जातो, ३९५ महामार्गाने सरळ पाचेक तास. काठीच्या परीक्षेला +१.

रानजाई

खडीसाखर, संडास स्वच्छ असतात, पण वाकायला त्रास असेल तर आई-बाबांसाठी बिशपमध्ये मोटेलची खोली घ्या आणि तंबूत तुम्ही राहा. यात कमीपणा काही नाही. रात्री जेवायला सगळे तंबूपाशी, झोपायला ते खोलीत. बिशपच्या दक्षिणेला किओज नावाचे गरम झरे आहेत, बांधलेला मोठा हौद, आंघोळीची सोय. गुडघ्यांना उतारा म्हणून सासूबाईंना तिथे नक्की न्या.

वर त्यांना पॅनोरमा गोंडोलाने (बंद डब्यांचा रोपवे) मॅमथच्या शिखरावर नेता येतं, स्की लागत नाहीत. समोर मिनारेट्सचे सुळके आणि माउंट रिटर. पण पहिल्या दिवशी नको. एक-दोन रात्री खाली काढून मगच, आणि वर अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळू नका. बीपीच्या औषधाचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर वाट न बघता खाली. बिशपला उतरलं की बहुतेकांना बरं वाटतं. खाली झोपायचा हाही एक मोठा फायदा.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना बर्फात फारसा रस नव्हता. पण ओवेन्स नदीचं पाणी १९१३ पासून २३३ मैल नुसत्या उताराने लॉस एंजेलिसला जातं, वाटेत पंप नाहीत, हे कळल्यावर ते कालवा बघायलाच निघाले. काठावर उभं राहून पाण्याचा वेग डोळ्यांनी मोजत होते. मग वाळलेलं ओवेन्स तळं दाखवलं तेव्हा बराच वेळ गप्प. परतताना नातवाला म्हणाले, "धरण बांधणाऱ्याने खालच्या गावात एकदा राहून यायला पाहिजे." नातवाने आता शाळेचा प्रकल्प त्यावरच घेतलाय. मोनो लेकही याच गोष्टीचा पुढचा भाग आहे. त्याचे ओढे लॉस एंजेलिसने १९४१ पासून वळवले, तळं खाली गेलं, आणि १९९४ मध्ये पाणी ६,३९२ फुटांच्या पातळीपर्यंत परत येऊ द्यायचा निर्णय झाला. आजोबा लोकांना हे फार आवडतं.

आडवाट

लेख चांगला आहे, पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. खाली झोपलात तर डोंगराची रात्र तुम्हाला कळलीच नाही. आम्ही मुलांना घेऊन बर्फावर तंबू टाकतो. आधी बर्फ पायाने दाबून ओटा करायचा, तासभर बसू द्यायचा, मग तंबू. खुंट्यांऐवजी पिशव्यांत बर्फ भरून पुरायचा. खाली दोन चटया, कारण गारवा जमिनीकडून येतो, वरून कितीही पांघरा. पहाटे तंबूची चेन उघडून थेट स्कीवर उभं राहायचं, त्यासारखं सुख नाही. मुलं कणखर होतात ती अशीच. त्यांना सतत सोय करून दिली तर डोंगराशी नातं कसं जुळणार?

कातळशिल्प

आडवाट, तुमचा उत्साह समजतो. पण मॅमथच्या परिसरात बर्फावर तंबू टाकणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे, म्हणून लिहितो. भूशास्त्र हा माझा विषय.

हा सगळा भाग लाँग व्हॅली कॅल्डेराच्या, म्हणजे उद्रेकानंतर जमीन खचून झालेल्या प्रचंड खळग्याच्या, कडेला आहे. सुमारे ७,६०,००० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, बिशपजवळचे ते फिकट गुलाबी कडे त्याच राखेचे. मॅमथ माउंटन स्वतः ज्वालामुखी आहे. १९८९ मध्ये डोंगराखाली छोट्या भूकंपांची मालिका झाली आणि १९९० पासून हॉर्सशू लेकच्या काठची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड येतोय. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला ना रंग ना वास. उघड्यावर वारा त्याला पसरवतो, पण बर्फातला खड्डा, झाडाच्या बुंध्याभोवतीची पोकळी, खणलेली गुहा, अशा ठिकाणी तो साचतो. तिथे मुलांना बर्फाचं घर करायला देऊ नका आणि तंबूही टाकू नका. लावलेल्या पाट्या नीट वाचा.

एप्रिल २००६ मध्ये याच डोंगरावर वायूच्या एका विवराभोवती कुंपण घालताना बर्फ खचला आणि स्की पेट्रोलचे, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाचे, तीन जण गेले. रोज त्या डोंगरावर असणारी, जाणती माणसं. म्हणून धोक्याच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे जायचं नाही म्हणजे नाही. ती दोरी तिथे का आहे हे मुलांना समजावून सांगावं, नुसतं दटावू नये.

हॉट क्रीक या गरम पाण्याच्या ओढ्याला जाल तर बघायला जा. २००६ पासून पाण्यात उतरायला बंदी आहे, तापमान अचानक वाढतं.

रानजाई

कातळशिल्प, मनापासून आभार. हे वर धाग्यातच असायला हवं.

आडवाट, मोठ्या मुलांना बर्फावरची रात्र जरूर द्यावी, तुमचा ओटा करायचा सल्लाही अचूक आहे. पण लहान मूल रात्री झोपलं नाही तर दुसऱ्या दिवशी ते स्कीवर उभं राहत नाही आणि घरातलं कुणीच उभं राहत नाही. मुलाने डोंगराशी जुळवून घ्यावं यासाठी त्याला आधी तिथे परत यावंसं वाटलं पाहिजे. आमच्याकडची मोठी आता स्वतःहून बर्फावर झोपायचं म्हणते, ती चार उबदार रात्री मिळाल्यामुळेच. या मताला मी धरून आहे.

आडवाट

वयाचा मुद्दा मान्य. माझी मुलं मोठी आहेत. हॉर्सशू लेकचं ऐकून होतो, पण खड्ड्यात वायू साचतो हे माहीत नव्हतं, ते लक्षात ठेवीन.

तूपसाखर

जेवणाचं कुणीच लिहिलं नाही! मागे टाहोला आमचा भात कच्चा राहिला आणि गॅस सकाळी पेटेचना.

रानजाई

तूपसाखर, दोन्हीला उपाय आहेत. ५,००० फुटांवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं, ९,००० फुटांवर ९१च्या आसपास. डाळ कितीही उकळा, गळत नाही. घरचा तीन लिटरचा प्रेशर कुकर घेऊन जा, एक शिट्टी जास्त द्या. आमच्या शेजारच्या तंबूतले लोक दर वेळी शिट्टी ऐकून दचकतात आणि मग वरण-भात खायला येऊन बसतात.

गॅस न पेटण्याचं कारण ब्यूटेन. शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. प्रोपेनची उणे ४२ अंशांपर्यंत होते, म्हणून प्रोपेनच्या हिरव्या बाटलीवर चालणारी दोन बर्नरची शेगडी घ्या. वारा अडवायला तिला बाजूची झापं असतात. आणि कितीही वारा असला तरी तंबूच्या आत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडने झोपेत माणसं जातात.

खाणं अस्वलापासून सांभाळायचं. मॅमथ गावात आणि वरच्या कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात. खाणं, टूथपेस्ट, क्रीम, सगळं त्यात. गाडीत मुलांच्या सीटखालचे बिस्किटांचे तुकडे झाडून काढा, त्या वासावर अस्वल दार उचकटतं. लसणाची चटणी डब्यात घट्ट बंद. जेवणानंतर खरकटं लगेच आवरायचं, सकाळवर ठेवायचं नाही.

पांघरायला स्लीपिंग बॅगवर गोधडी टाका. बिशपला मेमध्ये रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, एप्रिलमध्ये कधीकधी शून्याच्याही खाली, तेव्हा बॅग उबदार घ्या.

सह्यधार

मी पुण्याहून वाचतोय. भारतात असं करता येईल का? मुलगी दहा वर्षांची, बर्फ बघितलेला नाही.

देवदार

सह्यधार, मी काही वर्षं काश्मीरला जातोय. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. तिथला खालचा मोकळा भाग नवशिक्या मुलांसाठी उत्तम, पण मार्च सरता सरता तिथला बर्फ विरळ व्हायला लागतो. एप्रिलमध्ये स्कीइंग उरतं ते गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावर, अफरवट शिखराच्या बाजूला. ते उतार तीव्र आहेत, हिमस्खलनाचा धोका आहे, दुपारी ओल्या बर्फात जास्तच. मुलीला तिथे नेऊ नका. तुमच्यासाठी मार्चचा पहिला पंधरवडा बरा. केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था गुलमर्गलाच आहे, तिचे अभ्यासक्रम बघा. मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्थाही सोलांगला स्की शिकवते. नुसत्या भाड्याच्या स्की आणि हात धरून ओढणारा माणूस, अशी सुरुवात करू नका. थांबणं आणि पडणं आधी शिकवणारा माणूस शोधा.

रानजाईंचं खाली झोपायचं तत्त्व तिथेही चालतं, गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावात राहून रोज वर जाता येतं. तंबू मात्र मार्चमध्ये नको, काश्मीरचा मार्च ओला असतो.

सह्यधार

धन्यवाद देवदार. संस्थेला आजच पत्र टाकतो.

खडीसाखर

आमचं ठरलं! मेचा दुसरा आठवडा. सासूबाई किओजचं ऐकून खूश आहेत. तारखेचा आणि रस्त्याचा काही घोळ?

रानजाई

तारीख चांगली निवडलीस. एप्रिलचा शेवटचा शनिवार टाळायचा असतो, त्या दिवशी ट्राउटची मासेमारी सुरू होते आणि खोऱ्यातली प्रत्येक जागा भरते. मेमोरियल डेला बिशपमध्ये खेचरांची जत्रा, म्यूल डेज, तेव्हाही तसंच. मधले आठवडे शांत. तरी गुरुवारी दुपारपर्यंत पोचलात तर ओढ्याकाठची जागा मिळेल.

नकाशा योसेमिटीतून टायोगा पासचा रस्ता दाखवेल, तो मेअखेरीच्या आधी क्वचितच उघडतो. ८८ने कार्सन पास ओलांडून जा. पुढे ८९वरचा मॉनिटर पास उघडा असेल तर तिथून ३९५ला लागा, नसेल तर मिंडेनवरून वळसा. बे एरियातून थांबे धरून आठ तास. मेमध्येही एखादं वादळ येतं, टायरच्या साखळ्या डिकीत असू देत. निघायच्या दिवशी सकाळी कॅलट्रान्सचा (राज्याचं रस्ते खातं) रस्त्यांचा नकाशा बघ. मुलांच्या बुटांची मापं मला कळव, मोठीचे जुने दोन जोड इथे पडून आहेत, फ्रीमाँटला येऊन घेऊन जा.